आसरा आणि त्याची अट : लोणी काळभोर ते केडगाव

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हडपसर ओलांडल्यावर लागणारे लोणी काळभोर हे गाव आज वाढत्या पुणे शहराला जवळजवळ जोडले गेले असले, तरी त्याची जुनी ओळख मुक्कामाचे गाव अशीच आहे. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्याचा पुणे सोडल्यानंतरचा पहिला मुक्काम लोणी काळभोर परिसरात आणि पुढचा यवतला असतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे वळते, तर तुकोबांची पालखी सोलापूरचा रस्ता धरते. रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, तेव्हा लोणी, उरुळी, यवत, केडगाव ही गावे एकाच लोहमार्गावर आली. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही अशा माणसाला धर्माच्या नावाने आसरा देण्याची रीत कशी बदलत गेली आणि त्या आसऱ्यात राहणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे पाहण्यासाठी या पट्ट्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

रेल्वेपूर्व काळात वाटसरूचा आधार म्हणजे देवळाची ओवरी, म्हणजे प्रांगणाच्या कडेने असलेल्या लहान कमानदार खोल्या किंवा पडव्या, आणि धर्मशाळा, म्हणजे एखाद्या सरदाराने, सावकाराने किंवा जातीच्या पंचांनी पुण्यकर्म म्हणून बांधलेली फुकट उतरण्याची जागा. काही ठिकाणी सदावर्त चाले, म्हणजे येणाऱ्याला शिधा दिला जाई, आणि तो चुलीवर ज्याने त्याने रांधून घ्यायचा असे. भाविकाला तेथे त्याची श्रद्धा कोणी विचारत नसे, पण जात मात्र विचारली जाई. कोणी कोणत्या पडवीत उतरावे, कोणत्या विहिरीवर पाणी भरावे आणि कोणी मुळात उंबऱ्याच्या आत येऊच नये, हे ठरलेले असे. दुसरी अट कोठेही लिहिलेली नव्हती, पण ती तितकीच पक्की होती : उतरणाऱ्याला परत जायला घर आहे, हे तेथे गृहीत धरलेले असे. धर्मशाळा यात्रेकरूसाठी होती, बेघरासाठी नव्हती. दोन-चार रात्रींनंतरही जो उठून जात नसे, तो पाहुणा न राहता उपद्रव ठरे. सासरच्यांनी बाहेर काढलेली विधवा, आईबाप दगावलेले पोर, गाव सोडून निघालेले दुष्काळी कुटुंब यांना या व्यवस्थेत कायमची जागा नव्हती.

ही उणीव उघडी पाडली ती दुष्काळांनी. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारने दिलेला आधार मुख्यतः मजुरीच्या रूपातला होता. दुष्काळी कामावर खडी फोडायची, माती वाहायची आणि त्यावर जेमतेम पोटापुरती मजुरी घ्यायची, अशी ती पद्धत होती. जे कामालाच असमर्थ होते त्यांच्यासाठी अनाथगृहवजा छावण्या होत्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातील अशा छावण्या पाहून आलेल्या आणि पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती सदन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनी तेथील घाण, उपासमार आणि विशेषतः एकट्या तरुण मुलींवर ओढवणारे प्रसंग यांविषयी जे लिहिले, ते वाचल्यावर त्या काळी धार्मिक आश्रयाचा पर्याय बेघर स्त्रीला का जवळचा वाटला असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रमाबाई स्वतः अशा आसऱ्यांत वाढल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्या संस्थेविषयीच्या वादात सहसा विसरली जाते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंब घेऊन तीर्थातीर्थांतून फिरत, देवळात पुराण सांगत आणि श्रोते जे पुढ्यात ठेवतील त्यावर निर्वाह करत. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघेही गेले, आणि रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास हे दोघे अन्नाच्या व आसऱ्याच्या शोधात देशभर पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाल्यावर या दोघांनी वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. असंख्य देवळे आणि घाट जवळून पाहिलेल्या मुलीला वाळूचे पांघरूण करावे लागले, याचा अर्थ स्पष्ट आहे : पुण्यक्षेत्री आसरा होता, पण तो तिच्यासारखीसाठी नव्हता.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारून आणि अमेरिकेत निधी उभारून परतलेल्या रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. येथील नियम पुढच्या केडगावच्या नियमांहून फार वेगळे होते. उच्चवर्णीय विधवांना आपापले सोवळे, व्रते आणि पूजा पाळण्याची मोकळीक होती, आणि धर्मांतराचा उपदेश करायचा नाही हे मान्य केलेले होते. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने तिने पुढे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन लिहिले. त्यामुळे अशा संस्थेत राहिलेल्या बाईची स्वतःच्या मराठीत, संस्थेच्या छायेबाहेर आल्यावर सांगितलेली हकिकत उपलब्ध आहे. बाया कर्वे यांनी धर्म बदलला नाही, तरीही रमाबाईंविषयीची त्यांची कृतज्ञता शेवटपर्यंत टिकली. सदनात जाणारी प्रत्येक मुलगी बाटते, हा त्या काळचा सरसकट आरोप तपासताना ही एक साक्ष डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

याच १८९३ मध्ये वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. मुलींना बोलावले जात नव्हते असे रमाबाईंचे म्हणणे. दार उघडे ठेवणे हेच बोलावणे आहे असे टीकाकारांचे म्हणणे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, ‘केसरी’ने कडक टीका केली आणि बऱ्याच पालकांनी मुली घरी नेल्या. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने आधार होता. ज्याच्याकडे राहण्यासाठी दुसरी जागाच नाही, त्याच्यासमोरचे उघडे दार हे खरोखर ऐच्छिक असते का, हा प्रश्न टीकाकारांनी योग्य विचारला होता. मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी दुसरी जागा उभी केली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो या टीकेला मिळालेला सर्वांत प्रामाणिक प्रतिसाद होता.

१८९६-९७ च्या दुष्काळाने संस्थेचे स्वरूपच पालटले. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली व बायका आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, शहरात इतकी माणसे ठेवणे अशक्य झाले, आणि फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर ही मंडळी हलवावी लागली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तेथे मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली, म्हणजे भोवतालच्या कित्येक गावांपेक्षा ही वस्ती मोठी झाली. लोणी स्थानक मागे टाकून गाडी केडगावला थांबे, तेव्हा त्यातून उतरणाऱ्या कित्येक मुलींना मराठीचा एक शब्दही कळत नसे.

नव्या मुलीच्या वाट्याला पहिल्या दिवसांत जे येई त्यात धर्म फारसा नसे. मळलेली लक्तरे काढून घेणे, उवांनी भरलेले डोके साफ करणे, अंघोळ, धडके लुगडे आणि थोडे थोडे खाणे असा तो क्रम असे, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर जेवण जीवघेणे ठरू शकते. पुढे दिवसाला शिस्त लागे. मोठ्या मुलींच्या हाताखाली लहान मुलींचे गट असत. शाळा, दळण, स्वयंपाक, हातमाग, तेलघाणा, गोठा, धोबीकाम, शेती अशी कामे वाटलेली असत. आवारात खोदलेल्या विहिरींवर या वस्तीची तहान आणि बाग दोन्ही चालत. शारदा सदनात जपलेला जातीचा चुलीभेद येथे उरला नाही. कुणबी, ब्राह्मण, महार, भिल्ल अशा सर्व घरच्या मुली एका पंगतीला बसत, आणि त्या काळच्या पुणे जिल्ह्यात ही गोष्ट धर्मांतराइतकीच खळबळजनक होती. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, आणि अंधांसाठी असलेल्या विभागात रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपीतून शिक्षण सुरू केले.

या सगळ्याची अट म्हणजे ख्रिस्ती उपासना. केडगावला दार नुसते उघडे नव्हते. प्रार्थना हा दिनक्रमाचाच भाग होता, आणि बहुतेक रहिवाशांनी यथाकाल बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार घेतला. जून १९०५ मध्ये तेथे जी भक्तीची लाट आली, तिच्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत आणि तासन् तास उठत नसत. हा गलका पाहून काही युरोपीय पाहुणेही अस्वस्थ झाले, पण रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. याचा अर्थ लावताना घाई करू नये. घरदार, गाव, भाषा आणि आईबाप यांपैकी काहीही न उरलेल्या मुलींनी सामूहिक आक्रोशातून स्वतःचे दुःख प्रथमच जाहीरपणे बोलून दाखवले असावे, हा अर्थ धर्मशास्त्रीय अर्थाइतकाच ग्राह्य वाटतो. वारीच्या वाटेवर राहणाऱ्या मराठी वाचकाला देहभान विसरणारी भक्ती परकी वाटण्याचे कारण नाही.

रहिवाशांच्या अनुभवाचा दुसरा, शांत भाग छापखान्यात घडला. रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर केले, तेही साध्या बायकांना समजेल अशा भाषेत, आणि त्याची जुळणी व छपाई केडगावच्या मुलींनी केली. दुष्काळातून आलेली निरक्षर मुलगी काही वर्षांत खिळे जुळवू लागते, म्हणजे शिशाची उलटी अक्षरे एकेक करून ओळीत लावू लागते, हे संस्थेच्या यशाचे सर्वांत भक्कम प्रमाण आहे. मनोरमाबाई १९२१ मध्ये आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अडचण आहे ती साधनांची. केडगावच्या मुलींविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु त्यातील बहुतांश मजकूर संस्थेच्या इंग्रजी पत्रिकेत, परदेशी देणगीदारांसाठी छापला गेला. त्यात मुलगी दुःखात येते, श्रद्धा पावते आणि आनंदी होते. कंटाळलेली, घरच्या देवाची आठवण काढणारी किंवा निघून गेलेली मुलगी त्यात फारशी दिसत नाही. संस्थेच्या विरोधकांचे लेखन याच्या उलट, पण तितकेच एकसुरी आहे : त्यात मुलगी केवळ फसवली जाते. दोन्हींत तिला स्वतःची अक्कल नाही. प्रत्यक्षात उपाशी मरणे, छावणीत अब्रू जाणे आणि परक्या देवाची प्रार्थना म्हणणे या तीन वाटांतून तिने तिसरी निवडली असेल, तर ती निवड व्यवहारी आणि मानी होती, आणि पुढे त्या प्रार्थनेवर तिचा खरोखर विश्वास बसला असेल, तर त्याने त्या निवडीला कमीपणा येत नाही.

तुकोबांच्या पालखीच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, पंढरपुरात, अटीचे वेगळे रूप दिसते. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण वारी करून आलेल्या अस्पृश्यांना उतरायला जागा मिळत नसे; विठ्ठलाचे मंदिर त्यांना साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतर खुले झाले, पण डोक्यावरचे छप्पर त्याआधी मिळाले होते. ही धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मुक्काम करतात. जुन्या धर्मशाळेत दोन रात्रींचा पाहुणा असे, येथे उपचार लांबेल तसा मुक्कामही लांबतो. अट म्हणाल तर स्वच्छतेची आणि व्यसन न करण्याची. देव कोणता मानता, हे विचारण्याची रीत नाही. इतक्या धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांनी त्यांपैकी एकीतही स्वतःचे घर केले नाही, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच त्यांचा अंत झाला.

केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया, मुले व अपंग यांच्यासाठी चालू आहे. तेथे वाढलेल्या आज्या-पणज्यांचे वंशज हवेली, दौंड आणि पुणे शहरात आहेत, आणि त्यांच्या घरच्या ट्रंकांत पत्रे, शाळेची प्रशस्तिपत्रे, विणकामाचे नमुने, जुन्या छपाईची पाने असण्याचा संभव आहे. अशी कागदपत्रे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती रद्दीत न घालता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संग्रहाकडे निदान प्रत काढण्यासाठी द्यावीत, आणि ज्यांच्याकडे कागद नसून केवळ ऐकलेल्या हकिकती आहेत त्यांनी त्या सांगणारी माणसे हयात असेपर्यंत लिहून काढाव्यात.