आण्विक हिवाळा

आण्विक हिवाळा : अणुयुद्धात जळणाऱ्या शहरांची काजळी स्थितांबरात साचून सूर्यप्रकाश अडल्याने होऊ शकणारी जागतिक तापमानघट. १९८२ मध्ये पाउल क्रुट्झन व जॉन बर्क्स यांनी अशा आगींच्या धुराकडे प्रथम लक्ष वेधले. १९८३ मध्ये रिचर्ड टर्को, कार्ल सेगन व सहकाऱ्यांनी एकमितीय प्रतिमानाद्वारे तापमानघटीचा अंदाज मांडला. सागरांची उष्णता व वाऱ्यांचे वहन विचारात घेणाऱ्या १९८६ च्या त्रिमितीय प्रतिमानात ही घट सौम्य आढळली (पहा : हवामान प्रतिमाने).

जळणारे इंधन, काजळीचे प्रमाण, पावसाने धुऊन जाणारा अंश व धुराची उंची ही प्रतिमानाची मुख्य आदाने होत. काजळी सूर्यप्रकाश शोषून तापते व आणखी वर चढते. पर्जन्यरहित स्थितांबरात ती अनेक वर्षे टिकते (पहा : वातावरण). २००७ मध्ये ॲलन रोबॉक व सहकाऱ्यांनी भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमा-क्षमतेचे १०० बाँब वापरले जातील असे गृहीत धरले. त्यातून ५० लाख टन काजळी व सुमारे १.२५° से. सरासरी घट निघाली. पर्जन्यघट, ओझोनहानी (पहा : ओझोन) व पीकहंगामाचा संकोच हे अन्य परिणाम होत. काजळीचे प्रमाण हा प्रमुख अनिश्चित घटक आहे. निःशस्त्रीकरण व अन्नसुरक्षेच्या अभ्यासात या प्रतिमानांचा उपयोग होतो.