नागपूर : संगीतजीवन आणि शहराचे अर्थकारण

महाराष्ट्राच्या उपराजधानीतील भजन, कव्वाली, भीमगीत, शास्त्रीय गायन व मिरवणुकीचे वादन, त्यांतून शहराला मिळालेली ओळख आणि त्यांवर चालणारा रोजगार यांची ही नोंद. संत्रानगरी, टायगर कॅपिटल, झीरो माइल ही नागपूरची प्रचलित बिरुदे. संगीताचे बिरुद त्यांत नाही. युनेस्कोच्या संगीतनगरांत भारतातील वाराणसी (२०१५), चेन्नई (२०१७) आणि ग्वाल्हेर (२०२३) यांचा समावेश आहे. अमेरिकेतील ऑस्टिनच्या नगर परिषदेने १९९१ मध्ये संगीताची राजधानी म्हणवून घेण्याचा रीतसर ठरावच केला. नागपूरला असे काही सुचलेले नाही, आणि त्यामुळे इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फारसे अडलेही नाही.

पूर्वपीठिका : भोसल्यांच्या दरबारी गायक-वादकांना आश्रय होता. खडी गंमत व दंडार ही आसपासच्या ग्रामीण भागातील लोकनाट्यरूपे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारवस्त्या वाढल्या. जवळच्या मोहपा गावचे किसन फागू बनसोड (१८७९–१९४६) हे कवी, पत्रकार आणि अस्पृश्यता-निवारणाच्या चळवळीचे नागपुरातील अग्रणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ उभी राहण्याआधीपासून पद्य हे प्रबोधनाचे साधन म्हणून इथे वापरात होते, ते अशा मंडळींमुळे.

शास्त्रीय संगीत : शंकरराव सप्रे यांचे श्रीराम संगीत विद्यालय हे या शहराचे सर्वांत महत्त्वाचे गुरुकुल मानावे लागते. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) आणि संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–१९८२) हे दोघेही इथे सप्रे गुरुजींकडे शिकले. एकाच गुरूच्या हाताखालून एक जण ख्याल-ठुमरी-नाट्यसंगीताकडे आणि दुसरा थेट हिंदी चित्रपटाकडे जावा, ही बाब त्या शिकवणीचा मोकळेपणा सांगायला पुरेशी आहे. मात्र दोघांचीही कारकीर्द नागपुरात घडली नाही. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव लष्करी लेखा खात्याच्या नोकरीनिमित्त पुण्यात स्थिरावले, सी. रामचंद्र मुंबईचे झाले. गळा इथे तयार व्हायचा आणि बिदागी दुसऱ्या गावी मिळायची, हा क्रम पुढेही बराच काळ टिकला. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला वसंतरावांचे नाव आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह भरवते.

आकाशवाणी : नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्यामुळे केंद्राचा श्रोता मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांचा होता. स्थानिक कलावंताच्या दृष्टीने केंद्राचे महत्त्व निव्वळ प्रसारणापुरते नव्हते. ध्वनिचाचणीत उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी श्रेणी हेच त्याचे प्रमाणपत्र. तिच्यावर मानधनाचा दर ठरे आणि शिकवण्यांची संख्याही. तबला, सारंगी, व्हायोलिन वाजवणाऱ्यांना केंद्रातील नेमणूक म्हणजे बांधील पगार. लग्नसराईवर विसंबून असलेल्या वादकाच्या घरात पहिल्या तारखेला पैसे येऊ लागले. शहरातील वादकांचा एक अख्खा पिढीजात वर्ग त्या आधारावर तगला, असे म्हणण्यास हरकत नाही. खासगी एफएम वाहिन्यांनी पुढे श्रोते नेले, पण वादकांना नेमणुका दिल्या नाहीत.

१९५६ : या वर्षाच्या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्यात. १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. आंबेडकरांनी इथल्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपण गेले. अठरा दिवसांच्या आत शहराने सरकारी आश्रय गमावला आणि दरवर्षी न चुकता येणारा समुदाय मिळवला. प्रस्तुत संकलकाच्या मते नागपूरच्या संगीताचा नंतरचा हिशेब मुख्यतः या समुदायाने ठरवला.

भीमगीत व कव्वाली : विजयादशमी व तिच्या मागच्या-पुढच्या दिवसांत दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर दुतर्फा दुकाने लागतात : पुस्तके, बुद्धमूर्ती, निळे झेंडे, लॉकेट, दिनदर्शिका आणि गाणी. दोन दुकानांत दोन हातांचे अंतर, दोन्हीकडे वेगळे गीत, आणि तरी गिऱ्हाईक आपल्याला हवे ते नेमके ओळखून थांबते. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह विकला गेला. आता गाणे यूट्यूबवर असते आणि दुकानातला कर्णा केवळ गर्दी खेचतो. वस्तूची विक्री घटली, गायकाच्या कार्यक्रमांची घटली नाही. नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते इथे घरोघरी गायली जातात. नागपूरचे कव्वाल नागोराव पाटणकर यांनी भीमकव्वालीला या भागात मोठा श्रोता मिळवून दिला. १३ एप्रिलच्या मध्यरात्री संविधान चौकात आंबेडकर जयंतीचा जल्लोष होतो. एप्रिलभर वस्त्यांतून कव्वालीचे कार्यक्रम ठरलेले असतात. कव्वालाला सुपारी मिळाली की सोबत ढोलक, बेंजो, कोरसवाले, मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांचीही चूल पेटते.

 

खंजिरी भजन : खंजिरीवर भजने गाणारे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचा प्रभाव विदर्भभर, नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचे नाव आहे.

संदल व धुमाल : ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांच्या ताजबाग दर्ग्याच्या उरुसात संदलाची मिरवणूक निघते. अशा मिरवणुकीत वाजणाऱ्या ताफ्यालाच पुढे संदल म्हणू लागले, आणि तोच ताफा गणपती, दुर्गा, जयंती व वराती वाजवू लागला. मूळ कोणत्या धर्माचे हे वाजवणारा विचारत नाही, बोलावणाराही नाही. धुमाल हे याचे यांत्रिक भावंड : गाडीवर जनित्र, ध्वनिक्षेपकांची भिंत, कीबोर्ड व ऑक्टोपॅड, जोडीला ढोल-ताशे. हा प्रकार नागपूरचा की छत्तीसगडचा, यावर एकमत नाही. ताफे दोन्हीकडून दोन्हीकडे जातात. हंगाम गणेशोत्सव ते लग्नसराई. गणेशोत्सवाआधीच्या पावसाळ्यात ताफ्यातली मुले दुसरी मजुरी धरतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद केले. कारवाईची झळ आधी गाडीवाल्याला बसते, मिरवणूक काढणाऱ्या मंडळाला नंतर.

सभागृहे व महोत्सव : अमरावतीचे, पण उत्तरायुष्यात नागपूरकर झालेले गझलकार सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या नावाचे सुमारे २,००० आसनांचे सभागृह २०१७ मध्ये रेशीमबागेत खुले झाले. त्याच वर्षी खासदार सांस्कृतिक महोत्सव सुरू झाला. ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर मुंबईचे नामवंत गायक येतात, प्रवेश विनामूल्य. त्यांच्याआधी स्थानिक पथकांना मंच दिला जातो. फुकट कार्यक्रमांनी शहराला गर्दीची सवय लावली. तिकीट काढून स्थानिक गायकाला ऐकण्याची सवय मात्र त्यामुळे वाढली असे म्हणता येत नाही.



फुटाळा तलाव : संगीतमय कारंज्याचे चाचणी प्रयोग २०२२ मध्ये झाले, नंतर तलाव पाणथळ क्षेत्रात मोडतो काय या वादात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नागपूरच्या पर्यटनासाठी उभारलेल्या या खेळाचे संगीत ए. आर. रहमान यांचे आहे.