रांग थांबवली, सोडली नाही: 31 जुलैची रात्र

2024 च्या खरिपात राज्यात 1 रुपयात पीक विमा मिळत होता आणि अर्जाची 15 जुलैची मुदत वाढवून 31 जुलै केली होती. पुढची रात्र मी रचलेली आहे. तुळजापूरच्या घाटाखालचे हे गाव आणि त्यातले सेवा केंद्र नकाशावर शोधू नये. गावाला इंटरनेट देणाऱ्या रेडिओच्या पोटात जे घडते ते मात्र तसेच घडू शकते. धाराशिव जिल्ह्यात विम्याचा एक अर्ज म्हणजे कुणाच्या तरी सोयाबीनचा आधार असतो, म्हणून रेडिओतली ही गोष्ट गावाच्या घड्याळात मांडतो आहे.

सायंकाळी 6. केंद्रासमोर माणसे बसली आहेत. हातात सातबारा, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, आधार, पासबुकाची झेरॉक्स. गाव बालाघाटाच्या खोलगटीत असल्याने मोबाइलला रेंज नाही. इंटरनेट येते ते घाटावरच्या टॉवरवरून, 5 गिगाहर्ट्झच्या रेडिओने, छतावरच्या छोट्या डिशपर्यंत. भारताने ऑक्टोबर 2018 मध्ये हा पट्टा विनापरवाना वापरासाठी आणखी खुला केला. ही जोडणी चॅनेल 120 वर आहे, म्हणजे 5600 मेगाहर्ट्झ.

रात्री 9. साईट हळू आहे, पण चालते. एकेक अर्ज जातो आहे.

10:42. टॉवरवरच्या रेडिओला ठरावीक अंतराने येणारे स्पंद ऐकू आले, रडारसारखे. हवामानाची सी-बँड रडारे बहुधा 5600 ते 5650 मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतात. जवळच्या सोलापुरात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मेघबीजनाच्या प्रयोगासाठी 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात असे रडार चालवले होते. स्पंद खरेच रडारचे आहेत की कुठला गोंगाट आहे, याची शहानिशा करण्याचा अधिकार रेडिओला नाही. नियम सरळ आहे: 10 सेकंदांत चॅनेल सोडायचे आणि पुढची 30 मिनिटे तिकडे फिरकायचे नाही. हा नियम मला योग्यच वाटतो. 2009 मध्ये पोर्टो रिकोच्या सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारात अशाच उघड्यावरच्या रेडिओंचा हस्तक्षेप सापडला होता. वादळ पाहणाऱ्या डोळ्यात कुणी बोट घालू नये.

त्यानंतरचा एक सेकंद. सगळा अनर्थ याच सेकंदात आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

टॉवर आपल्या बीकनमधून, म्हणजे सतत पाठवत असलेल्या ओळख-संदेशातून सांगतो: 10 बीकनांनंतर मी चॅनेल 149 वर जातो, तोवर कुणी बोलू नका. बीकन साधारण दर 102 मिलिसेकंदांनी जातो, म्हणजे सूचनेला सेकंदभराचा अवधी. छतावरच्या डिशमध्ये लिनक्स आहे. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, ही सूचना ऐकून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग थांबवतो. हे बरोबरच आहे. थांबवली नाही, तर जुन्या चॅनेलसाठी तयार झालेली पॅकेटे भलत्याच वेळी हवेत सुटतील. चिपच्या हवाली केलेली पॅकेटेही आधी निकाली काढावी लागतात.

रांग थांबवताना कर्नल कारणही लिहून ठेवतो: ड्रायव्हरने थांबवली, चॅनेल-बदलाने थांबवली, वीज बचतीने थांबवली. एकाच दाराला अनेकांची कुलुपे असावीत तसे. शेवटचे कुलूप निघेपर्यंत दार उघडत नाही, आणि ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे.

ड्रायव्हरने, म्हणजे चिप हाताळणाऱ्या प्रोग्रामने, चिपच्या आतल्या फर्मवेअरला 149 वर जायला सांगितले. फर्मवेअर गेले. पण केंद्रातून फॉर्म आणि कागदांचे फोटो चढत होते, चिप कामात गुंतलेली होती, म्हणून ‘झाले’ हे उत्तर उशिरा आले. तोवर ड्रायव्हरची वाट पाहण्याची मुदत संपली होती. त्याने चूक नोंदवली आणि फंक्शनमधून मधूनच बाहेर पडला. उत्तर वेळेत येण्याच्या वाटेवर ‘बदल पूर्ण’ असे कर्नलच्या वरच्या थराला कळवणारी ओळ होती. या वाटेवर काहीच नव्हते, म्हणून चॅनेल-बदलाचे कुलूप निघालेच नाही.

‘बदल फसला’ एवढे जरी कळवले असते, तरी कर्नलने जोडणी तोडली असती, ती नव्याने जुळली असती आणि गावाचे काही सेकंद गेले असते. ड्रायव्हर लिहिणारे टेबलावरच्या दोन रेडिओंवर, रिकाम्या रांगेने चॅनेल बदलून पाहतात आणि पुढे जातात. भरल्या रांगेने, उशिरा उत्तर देणाऱ्या फर्मवेअरसह तीच चाचणी घ्यायला हवी. अशी चाचणी सुटली की किंमत दूरच्या गावाला पडते.

10:43. डिश 149 वर आहे. टॉवरचे बीकन ऐकू येतात. टॉवरकडून आलेल्या फ्रेमला चिप स्वतःच पोच देते, त्यासाठी रांग लागत नाही. म्हणून टॉवरला केंद्र जिवंत दिसते, केंद्राला टॉवर. हिरवा दिवा लागलेला. येणारे सगळे येते, जाणारे काही जात नाही.

11:05. “साईट चालंना गेलीय.” “सर्व्हर डाऊन असंल, शेवटचा दिवस हाय.” पोर्टल शेवटच्या दिवशी अडखळते हा सगळ्यांचा अनुभव असल्याने कुणालाच शंका येत नाही. केंद्रचालक पान पुन्हा पुन्हा उघडतो. प्रत्येक वेळी नवी पॅकेटे थांबलेल्या रांगेत जाऊन बसतात. मर्यादा भरली की काही फेकली जातात.

11:12. जुन्या चॅनेलवरची 30 मिनिटांची बंदी संपली. केंद्राला त्याचा काही उपयोग नाही.

11:40. “डबा बंद करून चालू करा की, दादा.” चालक दिव्याकडे बघतो, अर्धवट भरलेल्या फॉर्मकडे बघतो. दिवा हिरवा असताना वीज काढायला त्याचा हात धजत नाही.

12:00. मुदत संपली.

12:06. चालकाने वीज काढून पुन्हा लावली. डिश सुरू झाली, जोडणी जुळली, पान लगेच उघडले. पानावर अर्जाची मुदत संपल्याची सूचना होती.

टॉवरच्या नोंदीत त्या रात्रीची एकच ओळ मिळेल: रडार आढळले, 120 वरून 149, बदल यशस्वी. डिशच्या ड्रायव्हरने लिहिलेली चूक मेमरीत होती. वीज काढल्यावर ती गेली.