बोरी अरब परिसरातील डास : पाणी ओळखा, डास रोखा

बोरी अरब (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) हे अडाण नदीकाठचे गाव. येथे कपाशी-सोयाबीनच्या फवारणीचे दिवस आणि डासांचे दिवस एकच. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून साचलेले पाणी दर आठवड्याला तपासावे. पांढऱ्या वाटीत पाणी घेतल्यास अळ्या स्पष्ट दिसतात.

१) ॲनोफिलिस (हिवताप)
पाणी : स्वच्छ व संथ. नदी-नाल्यातील डबकी, विहीर, शेततळ्याचा गवताळ काठ, पाइपच्या गळतीचे पाणी.
ओळख : अळी पाण्याला समांतर आडवी राहते. डास संध्याकाळनंतर व रात्री चावतो.

२) एडिस (डेंग्यू, चिकुनगुन्या)
पाणी : फवारणीचे ड्रम, बादल्या, रांजण, कूलर, जुने टायर.
ओळख : काळ्या अंगावर पांढरे पट्टे. दिवसा चावतो. अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटतात व कोरड्यातही काही महिने टिकतात.

३) क्युलेक्स (हत्तीरोग)
पाणी : गटार, सांडपाण्याचे डबके, शौचालयाची टाकी.
ओळख : अळी डोके खाली करून तिरकी लटकते. डास रात्री चावतो.

उपाययोजना
• आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. भांडी नुसती रिकामी न करता आतून घासावीत.
• फवारणी संपताच ड्रम पालथा ठेवावा.
• विहीर व शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत. नदी-नाल्यात सोडू नयेत. शेततळ्याच्या काठचे गवत व शेवाळ काढावे.
• सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधावी.

महत्त्वाचे : अळ्या मारण्यासाठी पिकावरील कीटकनाशक पाण्यात टाकू नये. माणसे, गुरे व मासे यांना विषबाधा होते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरू नये. अळीनाशकासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगावे.

ताप आल्यास अंगावर काढू नये; प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. फवारणीनंतर मळमळ, घाम, अंधुक दिसणे अशी लक्षणे असल्यास तो साधा ताप समजू नये. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.