शिकायला पैसे मागण्याची जुनी गोष्ट



बारावीचे निकाल लागले की आमच्या भागात घराघरांतल्या कपाटातून दोन गोष्टी बाहेर निघतात. एक मार्कलिस्टांची फाइल आणि दुसरी दागिन्यांची डबी. फार्मसीची नाहीतर इंजिनिअरिंगची फी कानावर पडली की आईचा हात आपोआप बांगड्यांकडे जातो. सोनं तारण ठेवू, पतसंस्थेतून काढू, मुलाच्या मामाकडे शब्द टाकू, सगळं ठरतं. पण "स्कॉलरशिपचा फॉर्म भरलात का?" असं विचारलं की उत्तर येतं, "काकू, आपल्यात कुठं मागतात? आपण देणारी माणसं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की या वेळी जुनी पुस्तकं काढून बसले. शिकण्यासाठी पैसे कोणी मागितले, कोणी दिले आणि देताना काय अट घातली, एवढंच बघायचं होतं.

अगदी मागे गेलं तर पुण्याची दक्षिणा सापडते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. विद्वान ब्राह्मणांना मान म्हणून पैसे द्यायचे, अशी मूळ कल्पना. पुढे गर्दी वाढली आणि विद्या मागे पडली. 1818 साली पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही, वर्षाला 50,000 रुपये चालू ठेवले. त्याच पैशातून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तिथलं. 1849 साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की यातले काही पैसे मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यात केवढा गदारोळ झाला! त्या वेळी जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच निधीतून कॉलेजात 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक. म्हणजे जन्म बघून मिळणारी दक्षिणा हळूहळू गुण बघून मिळू लागली, आणि हा बदल अर्ज करणाऱ्यांनी घडवून आणला.

अर्थात फेलोशिप मूठभरांना. बाकीच्यांची भिस्त घरावरच. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, शाळा सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला शिकायला पाठवले. उरलेल्या सात रुपयांत घर. त्या घरातल्या बायकांनी ते सात रुपये कसे पुरवले, हे कुठल्याच चरित्रात नीट येत नाही. मला मात्र तेच वाचायला आवडलं असतं.

राजाकडून मिळालेल्या मदतीची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांची. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा 25 रुपये दिले. 1913 साली अमेरिकेला जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांसाठी. पण त्याबरोबर करार होता. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. कोलंबियाहून ते लंडनला गेले, तिथलं शिक्षण अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथं नोकरी होती, हुद्दा होता, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. देणारा मोठ्या मनाचा होता, घेणारा असामान्य होता, तरी मधला समाज तसाच राहिला तर काय होतं, ते यात दिसतं.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. हेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर 1942 साली त्यांनी सरकारला निवेदन दिलं. त्यात आपल्या लोकांच्या उच्च शिक्षणासाठी पैशांची मागणी होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती 1944 पासून चालत आली आहे. ज्याला स्वतःसाठी कोणाच्या तरी ओळखीनं राजापुढं उभं राहावं लागलं, त्यानं पुढच्या पोरांसाठी सरकारच्या तिजोरीचं दार उघडायला लावलं.

आता आपल्याकडे येऊ. 'आपण देणारी माणसं' हे खोटं नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण पाठशाळेतच पाठ केली. शास्त्रदान म्हणजे पोथी छापून वाटणं, एवढाच अर्थ बरेच दिवस चालत होता. सुरतेहून मुंबईत येऊन मोत्यांच्या व्यापारात नाव कमावलेले शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी तो अर्थ मोठा केला. गावाकडच्या जैन पोराला शहरात शिकायचं तर अडचण फक्त फीची नसते. सूर्यास्ताआधी जेवण कुठं मिळणार, कंदमुळाशिवाय भाजी कोण करणार? या प्रश्नापायी कित्येक पोरं घरीच राहायची. 1900 साली शेठजींनी वडिलांच्या नावानं मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढलं, आणि मग गावोगावच्या बोर्डिंगना हात दिला. कोल्हापूरच्या बोर्डिंगलाही त्यांची मदत होती. त्यांच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना शिकवलं आणि त्यांनी पुढे श्राविकाश्रम काढून एकट्या पडलेल्या बायकांना शिकवलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांचंही तेच चाललं होतं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुलं, एकेका समाजासाठी वसतिगृह उभं राहत होतं, कुणाला जागा, कुणाला वार्षिक मदत. जातवार बोर्डिंग का, असं आज विचारतात. त्या काळी एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हतं, हे त्याचं उत्तर.

याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील शिकायला होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला ते गेले. परतल्यावर आंघोळ करून मगच जेवायला या, असं सांगण्यात आलं. भाऊरावांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. आपल्याच समाजाच्या संस्थेनं आपल्याच मुलाला बाहेर काढलं, हे भाऊरावांच्या जयंतीच्या भाषणांत हळूच वगळलं जातं. वगळू नये. मदतीबरोबर आलेली अट त्यांना पटली नाही, म्हणून पुढे त्यांनी अशी अट नसलेलं बोर्डिंग काढलं. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 साली साताऱ्याचं वसतिगृह. तिथं सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खायची.

आणि त्या चुलीला सरपण कुठून यायचं? लक्ष्मीबाईंच्या अंगावरून. माहेरचे दागिने एकेक करत गेले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही जैन घरातली बाई सगळ्या जातींच्या पोरांना जेवू घालत होती. 1930 साली त्या गेल्या. भाऊरावांच्या नावाला कर्मवीर लागलं, ते योग्यच. पण आमच्याकडे आयांचा हात बांगड्यांकडे जातो तेव्हा मला लक्ष्मीबाई आठवतात. फरक एवढाच, की त्यांच्या वेळी भरायला फॉर्म नव्हता.

साताऱ्याला 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथं भाऊरावांची 'कमवा आणि शिका' कॉलेजापर्यंत पोचली. पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि शिकायचं. पैसे नसतील तर हात आहेत ना, असा रोखठोक हिशोब.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला सगळ्यात आवडला तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा प्रकार. जमशेटजी टाटांनी 1892 साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो या पद्धतीचा. शिकायला पैसे न्या, कमवायला लागल्यावर परत करा, म्हणजे तेच पैसे पुढच्याच्या उपयोगी पडतात. एकदा दिलेलं दान खर्ची पडतं, इथं मुद्दल फिरत राहतं. आपले जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले, तेही टाटा स्कॉलर होते. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेनं 1915 साली मुंबईत निघालेल्या महावीर जैन विद्यालयानंही राहण्या-शिकण्याच्या खर्चासाठी लोन विद्यार्थी घेतले. यात एक समजूतदारपणा आहे. घेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही, कारण तो परत देणार असतो. देवळातल्या बोलीत आपण जेवढी रक्कम सहज बोलतो, तेवढीच दरवर्षी अशा निधीत टाकली तर एका गावाचा निधी किती वर्षांत उभा राहील, याचा हिशोब मी एकदा पर्युषणात मांडला होता. बायकांना पटला, ट्रस्टी मंडळींनी चहा मागवला.

स्वातंत्र्यानंतर सरकार पुढं आलं. 1960 च्या आसपास बाळासाहेब देसाईंनी ईबीसी सवलत आणली. वर्षाला 1,200 रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर फी माफ, जात कुठलीही असो. खेड्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर त्या सवलतीवर शिकला! माझ्या वर्गातही होते. आमच्या कॉलेजात मात्र ईबीसीवाल्यांची नावं शिपाई वर्गात येऊन मोठ्यानं वाचायचा. पैसे सरकारचे, हक्क मुलांचा, पण ऐकणाऱ्यांच्या माना खाली. 'आपल्यात मागत नाहीत' याचं मूळ मला वाटतं तिथंही आहे. शेतमजुरी करणारी, पानाच्या टपरीवर बसणारी, दुकानात दिवाणजीगिरी करणारी जैन घरं आपल्या भागात कमी नाहीत. 'जैन म्हणजे श्रीमंत' या समजुतीखाली ती झाकली जातात.

आता नाव वाचणारा शिपाई नाही, अर्ज मोबाइलवरून महाडीबीटीवर होतो. जैन समाजाला 27 जानेवारी 2014 ला केंद्रानं अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा आठ लाख आहे. 2024 पासून त्याच मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे मुलीच्या बी.फार्म.साठी बांगड्या मोडण्याआधी आधी हे तपासा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल निकालाआधीच काढून ठेवा, कारण जून-जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. विद्यार्थ्याचं बँक खातं आधारला जोडलेलं असावं, पैसे त्यावरच येतात. आणि पहिल्या वर्षी मंजूर झाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो.