गिरणीवाल्याचा हिशेब आणि एकलहऱ्याची वीज

एकलहरे हे नाव काढले की नाशिककराच्या डोळ्यांपुढे उंच धुराडी आणि शेतांवरून दूरवर गेलेल्या तारा उभ्या राहतात. १९७० साली येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच चालू झाला आणि १९८१ पर्यंत संचांची संख्या पाचावर गेली. त्यांपैकी १४० मेगावॅटचे पहिले दोन पुढे निवृत्त झाले. उरलेले तीन प्रत्येकी २१० मेगावॅटचे. जनित्रातून साधारण १५ ते १६ हजार व्होल्टने निघालेली वीज रोहित्रात चढविली जाते आणि २ लाख २० हजार व्होल्टच्या तारांवरून बाहेर पडते. हे आकडे आपण सहज उच्चारतो. पण व्होल्ट म्हणजे कशाचे माप, आणि ते मोजण्याची कल्पना माणसाला कशी सुचली, याचा इतिहास फारच थोड्यांना ठाऊक असतो. तोच आज सांगावयाचा आहे.

प्रारंभ फ्रान्समधील कुलोंब या अभियंत्यापासून करू. पिळल्या जाणाऱ्या बारीक तारेचा तराजू करून १७८५ मध्ये त्याने दाखविले की, दोन विद्युत्‌भारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट, तर बल चौथाई. इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश याने हाच नियम त्याच्या आधीच पडताळला होता. परंतु या एकलकोंड्या गृहस्थाने तो छापलाच नाही. त्याची टिपणे मॅक्सवेलने प्रसिद्ध केली ती १८७९ मध्ये, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी!

नियम सापडला, पण हिशेब अवघड होता. बलाला दिशा असते. दहा ठिकाणी दहा भार असतील तर दहा बाण काढून त्यांची दिशांसह बेरीज करावी लागे. ही अडचण फ्रेंच गणितज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या प्रश्नात आधीच ओलांडली होती. लाग्रांज आणि लाप्लास यांनी असे एक फलन योजले होते की, ज्याला दिशा नाही, केवळ मूल्य आहे, आणि ज्याच्या उतारावरून बल काढता येते. १८१२ च्या सुमारास प्वासाँ याने ते विजेला लावले. त्या फलनाला 'पोटेन्शियल' हे नाव मात्र दिले नॉटिंगहॅमजवळच्या एका गिरणीवाल्याने.

जॉर्ज ग्रीन याचा बाप पाववाला. त्याने स्नेंटन येथे पवनचक्की बांधली आणि मुलगा तेथे पीठ दळू लागला. शाळा घडली ती जेमतेम वर्ष-दीड वर्ष. अशा या माणसाने १८२८ मध्ये वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावर एक निबंध वर्गणी जमवून छापला. वर्गणीदार मिळाले एक्कावन्न, आणि त्यांतील बहुतेकांना त्यातले गणित कळण्याजोगे नव्हते. चाळिसाव्या वर्षी तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला आणि १८४१ मध्ये वारला. त्याचा निबंध १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, याच्या हाती पडला, तेव्हा कुठे युरोपला त्याचे मोल कळले.

या कल्पनेत एवढे काय आहे? एकक भार फार दुरून एखाद्या जागी आणण्यास जे कार्य करावे लागते, ते त्या जागेचे विभव. जुन्या मराठी ग्रंथांत यालाच 'वर्चस्' म्हणत. पांडवलेण्यांवर पायऱ्यांनी चढा की आडवाटेने, चढलेली उंची तीच. तसेच हे कार्य वाटेवर अवलंबून नसते. बल अंतराच्या वर्गाने घटते. पण विभव नुसत्या अंतराच्या प्रमाणात घटते. एका कुलोंबाच्या अब्जाव्या भागाएवढा बिंदुभार एक मीटरवर सुमारे ९ व्होल्ट विभव देतो. आता असे दोन भाग धन भार एक मीटरवर आणि तीन भाग ऋण भार तीन मीटरांवर आहे असे समजा. पहिल्याचे १८, दुसऱ्याचे उणे ९. बेरीज ९ व्होल्ट. झाला हिशेब! किराणा दुकानदार जमा आणि नावे मांडतो, त्याहून हा कठीण नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. समान धन व ऋण भारांच्या बरोबर मध्यावर विभव शून्य असते, पण बल शून्य नसते. दोन समान धन भारांच्या मध्यावर बल शून्य, पण विभव नव्हे. उंची आणि उतार या गोष्टी वेगळ्या आहेत, हेच यातील मर्म.

हे मर्म पाठ्यपुस्तकापुरते नाही. तारेवर बसलेल्या पाखराचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच विभवावर असतात, म्हणून ते सुखरूप राहते. तीच तार तुटून ओल्या शेतात पडली, की प्रवाह त्या बिंदूतून जमिनीत चोहोकडे पसरतो, आणि सभोवारच्या मातीचे विभव बिंदुभाराच्या त्याच नियमाने, अंतराच्या प्रमाणात, उतरत जाते. उदाहरणादाखल धरा, एक मीटरवर ६०० व्होल्ट आहेत. मग दोन मीटरांवर ३००, दहावर ६०, अकरावर सुमारे ५५. म्हणजे जवळ टाकलेल्या मीटरभर पावलात ३०० व्होल्टचा फरक, लांबच्या पावलात पाचांचा! तारेला हात न लावताही माणूस मरतो तो यामुळे. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक आणि हृदय त्या वाटेवर. म्हणून जनावर आधी दगावते. अशा तारेकडे कोणी जाऊ नये, आणि जवळ सापडलाच तर लांब ढांगा न टाकता पाय जुळवून, ते न उचलता, सरकत दूर व्हावे.

१८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेने व्होल्टाच्या नावाच्या या मापाला मान्यता दिली. गिरणीवाल्याचे नाव कोणत्याही मापाला नाही. तथापि प्रत्येक तारेचा हिशेब त्याच्याच रीतीने होतो. कॅव्हेंडिशचे ज्ञान कपाटात राहिले, ग्रीनचे एक्कावन्न घरांत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमाला आरंभिली, ती ज्ञान कपाटाबाहेर यावे म्हणूनच. ज्या शिवारावरून एकलहऱ्याच्या तारा जातात, तेथील शेतकऱ्याला हा अंतराचा नियम कळणे हे त्या कार्याचेच आजचे काम आहे.