वांकडें रोपटें

‘ऑर्थोपीडिक्स’ हा शब्द आज आपण मोडल्या हाडांशीं जोडतों. पण १७४१ सालीं निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्यानें तो ‘सरळ’ व ‘मूल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून घडविला. वांकडें रोपटें कोंवळें असतांनाच खुंटास बांधावें, हा त्याचा दाखला.

मुंबईस फातिमा इस्माईल यांनीं, स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यावर, १९४७ सालीं अपंग बालकांसाठीं संस्था उभारली. पुढें लसीनें पोलिओ हटला. भारतांतील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ सालचा. जन्मतः आंत वळलेलें पाऊल मात्र आजहि आढळतें. दोन वर्षांआंतील मुलांचे धनुष्याकृति पाय बहुधा वाढीबरोबर सरळ होतात. हें पाऊल तसें होत नाहीं. त्यावर अमेरिकेंतील आयोवाच्या इग्नेशियो पोन्सेटी यांची रीत साधी आहे : पाऊल हातानें हळूहळू वळवून आठवड्यास एक, अशीं पांचसहा प्लास्टरें, बहुधा टांचेमागील कंडरेस लहानसा छेद, नंतर चारएक वर्षें निजतांना दांडीस जोडलेले बूट.

दौंडास रेल्वेचें जंक्शन आहे. शिरूरास रेल्वेच नाहीं. तज्ज्ञासाठीं पुणें गांठावयाचें, तर मजूर आईबापांचा दर फेरीस एक रोज बुडतो. आणि फेऱ्या चुकल्या, कीं पाऊल पुन्हां वळूं लागतें. असे उपचार तालुक्याच्या गांवींच मिळणें, हीच या इतिहासाची पुढची पायरी होय.